तुम्ही विचारलंत म्हणून: संख्याच असलेलं पात्र कसं घडवायचं?

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून पात्रं रंगवण्याच्या खेळात औटनाथ हे माझं पात्र. टेबलावर तो ज्यांना भेटतो, त्यांचा प्रश्न ठरलेला. "संख्या म्हणजेच हा माणूस, असं वाटायला लावता कसं? आम्ही केलं की त्याचा गणिताचा मास्तर होतो."

मास्तर होतो, कारण तुम्ही त्याला हिशोबाला जुंपता. वीस बाजूंच्या फाशावर १४ किंवा जास्त हवेत, म्हणजे ३५ टक्के, हे टेबलावरचा जो तो मनात करतच असतो. तेच पात्राच्या तोंडी घातलं तर त्यात नवल ते काय?

मला वाट सापडली ऋतुपर्णाकडे. महाभारताच्या वनपर्वातल्या नलोपाख्यानात हा राजा धावत्या रथातून बेहड्याचं झाड बघतो आणि सांगून मोकळा होतो: दोन फांद्यांवर पाच कोटी पानं, २०९५ फळं. सारथ्याच्या वेषातला नळ हटून बसतो, रथ थांबवतो, झाड पाडून फळं मोजतो. बरोब्बर तेवढीच! बेहड्याची फळंच तेव्हा फासे म्हणून वापरत, हे ठाऊक असलं की गोष्ट आणखी रंगते. मोजण्याची आणि फाशांची, दोन्ही विद्या ऋतुपर्णाला येतात; जुगारात राज्य घालवून बसलेल्या नळाला तो त्या देतो आणि बदल्यात अश्वविद्या मागतो. ऋतुपर्ण आकडेमोड करत नाही. त्याला आकडा दिसतो.

म्हणूनच औटनाथ डिव्हिनेशनचा, म्हणजे भविष्य बघण्याच्या शाखेचा, विझार्ड (जादूगार) आहे. त्या शाखेला 'पोर्टेन्ट' ही शक्ती मिळते: लाँग रेस्ट, म्हणजे पात्राची मोठी विश्रांती, संपली की वीसचा फासा दोनदा टाकायचा आणि आलेले आकडे लिहून ठेवायचे. दिवसभरात कुणाच्याही फाशाऐवजी त्यातला एक वापरता येतो, मात्र समोरच्याने फासा टाकण्याआधी बोलायचं. समजा सकाळी ३ आणि १७ आले. दिवसाचे दोन आकडे औटनाथला कळले; ते कुणाच्या वाट्याचे, ते कळलेलं नाही. १७ कुणीही आनंदाने घेईल. खरं नाट्य ३ मध्ये आहे. तो राक्षसाच्या माथी मारायचा म्हणून जपून ठेवायचा, आणि राक्षस संध्याकाळपर्यंत येतच नाही! माझा औटनाथ अशा दिवशी चिडचिडा होतो, जेवत नाही, सोबत्यांकडे संशयाने बघतो. पात्र इथे घडतं.

बोलण्यात एकच खोड ठेवली आहे: मोघम आकडा त्याला सोसत नाही. गावचा पाटील म्हणाला, "चार लोक काय म्हणतील?" की हा वही काढून चौघांची नावं विचारतो. (हे एका बैठकीत एकदाच करा, दुसऱ्यांदा कुणी हसत नाही.) शुभ-अशुभ अंकांच्या नादी मात्र मी लागत नाही. सातला गूढ आणि तेराला भयंकर ठरवलं की पात्राला स्वतःचं असं काही उरत नाही.

पात्राच्या क्षमतांना गुण वाटताना १५ बुद्धीला आणि फक्त ८ विस्डमला (शहाणपणाला) दिले. आकडा दिसतो, त्याचा अर्थ लावताना गडी गडबडतो. पोर्टेन्ट खेळाच्या २०१४च्या नियमांत दुसऱ्या लेव्हलला मिळतं, २०२४च्या नियमांत तिसऱ्या. तोवर त्याला पार्टीचा, म्हणजे सोबत्यांच्या टोळीचा, खजिनदार करा. लुटीच्या वाटण्यांवरून होणारी भांडणं त्याची ओळख करून द्यायला पुरेशी आहेत.