आमची वाटचाल : घट्टपणाच्या धंद्यातून विषाणूंच्या वाटेला

सुरुवातीला आमचं गिऱ्हाईक म्हणजे आइस्क्रीम आणि टूथपेस्ट करणारे. त्यांना कॅराजीनन, म्हणजे लाल समुद्री शैवालातून काढलेली लांब साखळीची शर्करा, लागतं ते घट्टपणासाठी. पावडर पाण्यात नीट जमली की काम झालं. पुढे एका प्रयोगशाळेनं विषाणूंवरच्या कामासाठी तोच माल मागितला, पण शुद्ध, आणि सल्फेटचं प्रमाण मोजून. धंदा वळला तो तिथून.

लाल शैवालातल्या शर्करा इन्फ्लुएंझा बी आणि गालगुंडाच्या विषाणूंना अंड्यातल्या गर्भात रोखतात, हे १९५८ मध्येच छापून आलं होतं. अशा शर्करांची रीत सरळ आहे. बरेच विषाणू पेशीत शिरण्याआधी तिच्या पृष्ठभागावरच्या हेपरान सल्फेट नावाच्या शर्करेच्या साखळ्यांना चिकटतात. शैवालातल्या शर्करेवरही तसेच ऋणभारित सल्फेट असतात, म्हणून विषाणू पेशी सोडून तिलाच बिलगतो. कॅराजीननचे तीन मुख्य प्रकार : साखळीतल्या दर दोन शर्करांमागे कप्पा कॅराजीननमध्ये साधारण एक सल्फेट, आयोटात दोन, लॅम्डात तीन. गंमत अशी, की लॅम्डाचं जेल होतच नाही. जुन्या गिऱ्हाइकानं तोंड फिरवलं असतं असा माल नवं गिऱ्हाईक मागत होतं!

मग तपकिरी शैवालातलं फ्यूकॉइडान, तशीच सल्फेटवाली शर्करा, घेतलं आणि खरी कसोटी लागली. अर्कात अल्जिनेट, म्हणजे त्याच शैवालातली दुसरी शर्करा, सोबत उतरतं. कॅल्शियम क्लोराइड घालून ते खाली बसवायचं, गाळायचं, नंतर अल्कोहोलनं फ्यूकॉइडान वेगळं करायचं. प्रजाती तीच असली तरी तोडणीचा महिना बदलला की सल्फेट बदलतं. शिवाय तपकिरी शैवाल आर्सेनिक आणि आयोडीन साठवतं, ते प्रत्येक बॅचला तपासावंच लागतं. ग्रिफिथसिनच्या वाटेला आम्ही गेलो नाही. ते लाल शैवालातलं विषाणू रोखणारं प्रथिन, पण आता तंबाखूच्या जातीतल्या रोपांत तयार करता येतं; तिथे अर्क काढणाऱ्याला काय काम?

कोविडच्या काळात व्यापाऱ्यांचा एकच धोशा : कॅप्सूल भरा, वर ‘विषाणूरोधक’ छापा. आम्ही नाही म्हटलं. कॅरागार्ड हे कॅराजीननचं योनीमार्गात लावायचं जेल प्रयोगशाळेत एचआयव्हीला अडवत होतं. दक्षिण आफ्रिकेत सहा हजारांवर स्त्रियांवर चाचणी झाली आणि २००८ मध्ये निकाल आला : जेल सुरक्षित, पण संरक्षण नाही. आणि गिळलेलं कॅराजीनन रक्तात जवळजवळ उतरतच नाही. आयोटाच्या नाकातल्या फवाऱ्याची गोष्ट वेगळी. सर्दीचा विषाणू जिथे शिरतो तिथेच हा फवारा बसतो, आणि माणसांवरच्या चाचण्यांत आजाराचे दिवस कमी झालेले दिसले आहेत. फ्यूकॉइडान तर हेपरिनसारखं रक्त गोठू न देण्याकडे झुकतं. असला माल ‘नैसर्गिक आहे, घ्या’ म्हणून कसा विकायचा?

त्यातले काही व्यापारी दुसरीकडे गेले. आमच्या पाकिटावर अजूनही प्रजाती, तोडणीचा महिना, सल्फेट, रेणुभार आणि आर्सेनिकचा आकडा, एवढंच असतं. आता अल्कोहोल परत मिळवणारा मोठा ऊर्ध्वपातन स्तंभ बसवायचाय. गाळलेल्या अर्कात त्याच्या दुपटी-तिपटीनं अल्कोहोल ओतावं लागतं, आणि आमचा पैसा मुरतो तो तिथेच.