उंदराच्या कवटीबाहेरून

मावशीला अल्झायमरचे निदान झाल्यापासून माझा मावसभाऊ या आजाराविषयी हाती लागेल ते वाचत असतो. मध्यंतरी त्याने मला सेकंदाला ४० वेळा उघडझाप करणाऱ्या एका दिव्याची जाहिरात दाखवली आणि विचारले, ‘उंदरांवर सिद्ध झालेले आहे म्हणतात, मागवू का?’ होय किंवा नाही असे एका शब्दाचे उत्तर मला देता आले नाही. शस्त्रक्रिया न करता, कवटीबाहेरूनच मेंदूला चेतना देण्याच्या, म्हणजे प्रकाश, आवाज, चुंबकीय क्षेत्र किंवा विद्युतप्रवाहाने मेंदूच्या पेशी उद्दीपित करण्याच्या प्राण्यांवरील प्रयोगांविषयी मी पूर्वी थोडेफार वाचले होते. त्या प्रश्नानंतर ते सारे पुन्हा नीट वाचले.

त्या दिव्याचे मूळ डिसेंबर २०१६ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील ली-ह्वे साय यांच्या गटाने अल्झायमरसारखी लक्षणे दिसावीत म्हणून जनुकीय बदल केलेल्या उंदरांना तासभर ४० हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला ४० वेळा, लुकलुकणाऱ्या प्रकाशात ठेवले, तेव्हा त्यांच्या मेंदूच्या दृष्टिविभागातील अमायलॉइड हे अल्झायमरमध्ये साचणारे प्रथिन निम्म्याहून अधिक घटलेले दिसले. मेंदूतील सफाईचे काम करणाऱ्या मायक्रोग्लिया पेशींचे रूपही बदललेले होते. २० किंवा ८० हर्ट्झच्या प्रकाशाने, तसेच अनियमित लुकलुकण्याने तसा परिणाम झाला नाही, आणि हीच या प्रयोगाची खरी ताकद होती. जाहिरातीत मात्र दोन गोष्टी वगळलेल्या असतात. एक म्हणजे एका तासाचा तो परिणाम २४ तासांत ओसरला होता. दुसरी म्हणजे स्मृतीशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पसमध्ये केवळ प्रकाशाने अमायलॉइड घटले नव्हते. हिप्पोकॅम्पसमधील घट त्याच निबंधातल्या निराळ्या प्रयोगात दिसली होती, आणि त्यासाठी मेंदूत प्रकाशतंतू घालावा लागला होता.

पुढे २०१९ मध्ये याच गटाने प्रकाशाला ४० हर्ट्झच्या आवाजाची जोड दिली आणि परिणाम मेंदूच्या अधिक भागांत पोहोचल्याचे दाखवले. मग २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील ग्योर्गी बुझाकी यांच्या प्रयोगशाळेने तोच प्रकाश उंदरांना दाखवून थेट चेतापेशींचे विद्युतसंकेत नोंदवले. हिप्पोकॅम्पसची स्वतःची गॅमा लय (४० हर्ट्झच्या आसपासची मेंदूतील वेगवान विद्युतलय) त्या प्रकाशामागे जात नव्हती, अमायलॉइडमध्येही भरवशाची घट दिसली नाही. शिवाय उंदीर त्या लुकलुकत्या प्रकाशापासून दूर राहणे पसंत करत होते, हा तपशील माझ्या विशेष लक्षात राहिला. कारण नावडत्या प्रकाशाने प्राण्याची सावधता आणि ताण बदलत असतील, तर मोजलेल्या परिणामातला किती वाटा लयीचा आणि किती त्या अस्वस्थतेचा, हे वेगळे काढावेच लागते. २०२४ मध्ये एमआयटीच्या गटाने पुन्हा उलट बाजूने पुरावा मांडला: प्रकाश आणि आवाज यांच्या एकत्रित चेतनेने मेंदूतील द्रवाचा प्रवाह वाढतो आणि त्याबरोबर अमायलॉइड वाहून जाते. वाद मिटलेला नाही, आणि दोन्ही बाजूंनी केलेले काम गंभीर आहे.

मला अधिक गुंतवणारी अडचण मात्र निराळीच आहे, ती आकाराची. उंदराचा मेंदू जेमतेम ०.४ ग्रॅमचा, माणसाचा साधारण १,३५० ग्रॅमचा. शेफिल्डमध्ये अँथनी बार्कर यांनी १९८५ मध्ये दाखवलेल्या चुंबकीय चेतनेत डोक्यावर तारेचे वेटोळे धरून क्षणभर तीव्र चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात. माणसाच्या मेंदूचा काही सेंटिमीटरचा भाग त्याने उद्दीपित होतो, पण तेच वेटोळे उंदरावर धरले तर सगळा मेंदू आणि शरीराचा काही भागही त्या क्षेत्राखाली येतो. वेटोळे लहान करावे, तर ते तापते, यांत्रिक ताणही वाढतो, त्यामुळे क्षेत्राची तीव्रता पुष्कळ कमी ठेवावी लागते. म्हणजे जागा अचूक हवी असेल तर तीव्रता सोडायची, तीव्रता हवी असेल तर जागेची अचूकता सोडायची. अशा प्रयोगाचा निष्कर्ष माणसाला लावताना नक्की कशाशी कशाची तुलना करतो आहोत, हे सांगणे कठीण होते. त्यातच वेटोळ्याचा प्रत्येक ठोका मोठ्याने वाजतो आणि उंदराला स्थिर ठेवायला भूल द्यावी किंवा जखडून ठेवावे लागते. भुलीने मेंदूच्या लयी बदलतात, जखडण्याने ताण वाढतो.

डोक्याला इलेक्ट्रोड लावून सौम्य विद्युतप्रवाह सोडण्याच्या पद्धतीत तर ‘बाहेरून’ हा शब्दच सैल होतो. उंदीर अंगावरची पट्टी लगेच खरवडून काढतो, म्हणून कित्येक प्रयोगांत त्वचा छेदून इलेक्ट्रोडचा आधार थेट कवटीवर बसवतात. माणसात ही सोय नसते. २०१८ मध्ये मृतदेहांवर केलेल्या मोजमापांत त्वचा आणि कवटी मिळून प्रवाहाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग अडवतात असे आढळले होते.

अल्ट्रासाउंडची गोष्ट मला सर्वांत बोधप्रद वाटते. २०१५ मध्ये ब्रिस्बेनमधील लायनेंगा आणि ग्योत्झ यांनी रक्तात सूक्ष्म बुडबुडे सोडून उंदरांच्या मेंदूवरून अल्ट्रासाउंड फिरवला; रक्त आणि मेंदू यांमधला अडथळा काही काळ सैल झाला, मायक्रोग्लियांनी अमायलॉइड गिळले आणि उंदीर स्मृतीच्या चाचण्यांत सुधारले. बुडबुड्यांशिवाय केवळ चेतापेशी जाग्या करण्यासाठी अल्ट्रासाउंड वापरतात, तिथे मात्र २०१८ मध्ये दोन गटांनी धक्का दिला. त्यांना असे दिसले की गिनीपिग आणि उंदीर यांच्या मेंदूचा प्रतिसाद बऱ्याच अंशी कानामार्गे येत होता. गिनीपिगच्या श्रवणचेता तोडल्यावर तो नाहीसा झाला. मेंदूला चेतना मिळते आहे असे समजत असताना प्राणी चक्क आवाज ऐकत होता! पुढच्याच वर्षी जन्मतः बहिऱ्या उंदरांतही अल्ट्रासाउंडने स्नायूंचा प्रतिसाद मिळतो असे दिसले, म्हणून सारे काही कानाचे होते असेही नाही. तेव्हापासून मी असा निबंध हाती घेतला की आधी तुलनेसाठी ठेवलेल्या गटाचे वर्णन वाचतो: त्या प्राण्यांना तोच आवाज, तीच पकड, तीच भूल मिळाली होती का?

आजाराचा नमुनाही, म्हणजे प्राण्यात तो आजार कसा निर्माण केला आहे हेही, तपासावे लागते. ४० हर्ट्झच्या प्रयोगांतल्या अनेक उंदरांमध्ये आनुवंशिक अल्झायमरचे ५ जनुकीय बदल एकत्र घातलेले असतात आणि काही महिन्यांतच अमायलॉइड साचू लागते. मावशीचा आजार उतारवयात, कोणत्याही एका जनुकाकडे बोट दाखवता येऊ नये असा आला. पार्किन्सनच्या प्रयोगांत बहुधा विषाने डोपामिन हे हालचालींसाठी आवश्यक रसायन बनवणाऱ्या पेशी मारतात. त्यांपैकी एमपीटीपी हे विष १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात भेसळयुक्त अमली पदार्थ घेतलेल्या तरुणांमुळे उघडकीस आले. पेशी काही दिवसांत मरतात, खरा आजार मात्र वर्षानुवर्षे सरकत राहतो. चेतनेने पेशींची झीज थांबली की उरलेल्या पेशींचे काम फक्त सुधारले, हा कळीचा प्रश्न त्यामुळे अशा नमुन्यात पुष्कळदा अनुत्तरित राहतो.

मावसभावाला मी हे सारे सांगितले, पण त्याच्या पद्धतीने त्याने नेमका मुद्दा उचलला. ‘म्हणजे उंदराच्या मेंदूत काहीतरी घडले, पण ते कशामुळे घडले यावरच वाद चालू आहे,’ असे तो म्हणाला. मी होय म्हटले, आणि मावशीला पूर्वी एकदा फिटचा झटका येऊन गेला असल्याने लुकलुकता प्रकाश तिच्यासाठी धोक्याचा ठरू शकतो, म्हणून तिच्या मेंदूविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय असा दिवा घरात लावू नये, एवढे आवर्जून सांगितले. त्याने दिवा मागवला नाही. बुझाकी यांच्या गटाचा निबंध मात्र माझ्याकडून मागून घेतला.