जुन्या झूम लेन्सला प्रोफाइल कुठलं?

आज संध्याकाळपासून मुंबईच्या एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्यांचे फोटो घेऊन बसलोय. १८३३ सालची इमारत, आणि त्या लांबलचक आडव्या रेषा! लेन्सने जराही वाकवल्या की लगेच कळतं.

बाबांची मॅन्युअल ३५-७० मिमी झूम कॅमेऱ्याला काहीच कळवत नाही, ना नाव ना फोकल लेंग्थ (झूम किती मिमीवर आहे तो आकडा). त्यामुळे प्रोफाइल, म्हणजे लेन्सचा वाक सॉफ्टवेअरमध्ये सरळ करणारी तिच्या दोषांची नोंद, हातानेच निवडायचं. झूमची खरी गोम अशी, की ३५ला रेषा बहुधा बाहेर फुगतात आणि ७०कडे जाताना आत दबतात. मिळत्याजुळत्या लेन्सचं प्रोफाइल लावलं तर एका टोकाला छान दिसतं, दुसऱ्या टोकाला पायऱ्या उलट्या वाकतात. म्हणून दोन्ही टोकांना तपासल्याशिवाय मी प्रोफाइल ठेवत नाही.

शिवाय फुल-फ्रेमवर (मोठ्या सेन्सरवर) बनवलेलं प्रोफाइल क्रॉप (लहान) सेन्सरला चालतं. उलटं नाही, कारण कडांचं मोजमापच त्यात नसतं. डार्कटेबल या फोटो-एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये लेन्सफन (लेन्स-प्रोफाइलचा संग्रह) वापरताना फोकल लेंग्थ स्वतः भरता येते, त्यामुळे रिंगवरचा आकडा फोटोगणिक वहीत टिपतोय.

लेन्समुळे फोटोच्या कोपऱ्यात येणारा अंधार मात्र मी काढत नाही. फोर्टच्या दगडाला तो शोभतो.

कुणी जुन्या झूमसाठी स्वतः प्रोफाइल बनवलं असेल तर कृपया सांगा, मला शिकायचंय.