गडग्याच्या पलीकडचं रान

गेल्या वर्षी शिमगा आठ दिवसांवर असताना भर दुपारी आमच्या कलमांत आग शिरली. पूर्वेच्या गडग्यापलीकडून आली. गडगा म्हणजे दगडी कुंपण, जांभ्याचं, कमरेएवढं. पलीकडे आत माणूस शिरला तर दिसणार नाही इतकं गवत, करवंदीच्या जाळ्या, कुड्याची झुडपं. किती वर्षांत तिथे कुणी कोयता लावला नव्हता. आम्ही हिरवे टहाळे घेऊन झोडपत राहिलो, वाडीतली माणसं धावून आली, तासाभराने आग आटोक्यात आली. पण सासऱ्यांनी लावलेल्या हापूसच्या कलमांतली सात होरपळली. त्यातली दोन पुढच्या पावसातही फुटली नाहीत. अंड्याएवढी झालेली फळं देठासकट काळी पडून खाली सांडली होती, ती गोळा करताना सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत.

त्याच रात्री ठरवलं, त्या जागेचा मालक शोधायचा आणि गडग्यालगतचा पंधरा फुटांचा पट्टा दर वर्षी बेणून, म्हणजे गवत-झुडपं कापून, घ्यायची त्याची परवानगी मागायची. परक्याच्या जमिनीत न विचारता कोयता घालणं आमच्या घरात चालत नाही. कोकणात एवढ्याशा गोष्टीवरून तीन-तीन पिढ्या एकमेकांच्या दारात न गेलेली घरं मी पाहिली आहेत.

गावात विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच, ‘मुंबयवाल्यांची.’ कुठल्या मुंबईवाल्यांची? एकाच आडनावाची चार घरं, चारही बंद, गणपतीत उघडतात तेवढीच. प्रत्येकाला वाटतं जागा दुसऱ्या घराची.

मग कागदाकडे वळले. सर्व्हे नंबर माहीत नसेल तर सातबारा सापडत नाही, म्हणून आधी आमचंच खरेदीखत काढलं. त्यात जिल्हा रत्नागिरी लिहिलेला, कारण १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा झाला त्याच्या आधीचं ते खत. चतुःसीमेत, म्हणजे जमिनीच्या चारी बाजूंना काय आहे त्या वर्णनात, ‘पूर्वेस’ म्हणून पलीकडच्या जागेचा सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर होता. तो महाभूनकाशा या सरकारी नकाशांच्या संकेतस्थळावर पडताळून घेतला. हे पडताळणं टाळू नका, हिस्सा नंबर एकाने चुकला की भलत्याच माणसाच्या दारात जाल. सातबाऱ्याच्या महाभूलेख या संकेतस्थळावर विभाग कोकण, जिल्हा सिंधुदुर्ग, तालुका देवगड, गाव, नंबर एवढं भरलं की उतारा नुसता बघायला फुकट मिळतो. डिजिटल सहीचा हवा असेल तर १५ रुपये.

क्षेत्र शून्य हेक्टर ३८.५० आर, म्हणजे साधारण अडतीस गुंठे. भोगवटादाराच्या, म्हणजे जमीन ज्याच्या नावावर त्याच्या, रकान्यात एकच नाव आणि पुढे तीन अक्षरं : ए.कु.मॅ. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे जमीन त्या एकट्याची नाही. तो घरातला थोरला म्हणून त्याचं नाव वर लागलं, हक्क सगळ्या भावंडांचा. आणि तो थोरला वारल्याला वीसेक वर्षं झाल्याचं सासूबाईंना पक्कं आठवत होतं. वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांत तलाठ्याला द्यायची असते, पण मुंबईत राहणाऱ्याला हे कोण सांगणार? तलाठ्याला आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण आमच्याकडे अजून तलाठीच. मेलेल्या माणसाच्या नावावर आमच्या गावात किती जमिनी आहेत ते मोजायला बसलं तर दिवस जाईल. आणि सातबाऱ्यावर नुसतं नाव असतं, पत्ता नसतो.

पण उताऱ्यावर नावाशेजारी फेरफाराचा, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीचा, नंबर असतो. खरी गोष्ट फेरफारात असते. तहसीलमध्ये अर्ज टाकला, दोन खेपा घातल्या, जुन्या हस्तलिखित नोंदींच्या नकला मिळाल्या. त्या मी ओटीवर बसून एकेक शब्द लावत वाचल्या. पहिल्या नोंदीत जमीन खोताची, म्हणजे गावच्या जमीनदाराची, कसणारा कूळ. मग कुळकायद्याच्या कलम ३२ग ची नोंद. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या कायद्याने कसणाऱ्याला मालक केलं. त्या कुळाने ठरलेली किंमत सरकारात भरली आणि खोताचं नाव कमी झालं. त्यानंतर त्या कुळाच्या मृत्यूची वारस नोंद. चार मुलगे, एक मुलगी. थोरला ए.कु.मॅ. म्हणून वर. मुलीचं नाव मात्र खाली, ‘इतर हक्क’ या रकान्यात, विहिरी-बोज्यांच्या नोंदी जिथे करतात तिथे. आपल्याकडे बहिणींची नावं वर्षानुवर्षं तिथेच टाकली गेली. मला त्याचा फार राग आला आणि अजून आहे.

पण पत्ता मिळाला तो तिच्याच नावापुढे. ‘विवाहित, राहणार’ आणि पुढे गावाचं नाव. आमच्यापासून बारा किलोमीटरवर.

ती मुलगी म्हणजे आता नव्वदीच्या घरातल्या आजी. वळईत सुपाऱ्या सोलत बसल्या होत्या. मी उतारा पुढे धरला तेव्हा त्यांनी बोट ठेवून विचारलं, “ह्या माजा नाव?” वाचायला येत नाही, म्हणून मी मोठ्याने वाचलं. दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग आगीचं सांगितलं. “माका कोणी सांगूक नाय,” एवढंच म्हणाल्या.

त्या रानाचं त्यांना सगळं पाठ होतं. खालच्या कोपऱ्यात भात, वर नाचणी आणि वरी. “बापाशीन माका चिमण्ये हाकूक त्याच गडग्यार बसवल्यान.” फणस कुठल्या बाजूला, विहीर कुठे, तिच्या किती पायऱ्या. मी म्हटलं, विहीर आम्ही कधी पाहिली नाही. “आसतली. बघ जा.”

भाच्यांचे फोन नंबर आजींच्या नातवाकडे होते. नालासोपारा, डोंबिवली, दोघे पुण्यात. एकेकाला फोन केला. कुणी संशयाने बोललं, कुणी जमिनीचा भाव विचारला. एकाने तर आजोबांची जमीन आहे हेच पहिल्यांदा ऐकलं. पट्टा बेणायला कुणाची हरकत नव्हती. तोंडी नको म्हणून मी साध्या कागदावर लिहून घेतलं : मालकी तुमचीच, आम्ही फक्त गवत काढणार, झाड तोडणार नाही.

दिवाळीनंतर गडी लावून पट्टा काढला. आजींनी सांगितलेल्या जागी करवंदीची जाळी तोडली तर खाली जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेली विहीर. पायऱ्या अकरा, त्यांनी सांगितल्या तेवढ्याच. तळाला पाला आणि त्याखाली पाणी. शंभर पावलांवर पाणी असताना गेल्या वर्षी आम्ही टहाळ्यांनी आग झोडपत होतो.

भाच्यांनी आता वारस नोंदीचा अर्ज दिला आहे. आजींचं नाव इतर हक्कातून वर घ्यावं हे त्यात लिहावं म्हणून मी सगळ्यांच्या मागे लागले. एकाची सही अजून यायची आहे, तो गणपतीला येतो म्हणाला. नोंद झाली की नवा उतारा घेऊन आजींकडे मीच जाणार आहे, वाचून दाखवायला.