खांब अखेर सरळ उतरले, आणि ऑर्गनचा बेत बदलला

कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून बरणीत ओतायचं आणि दिव्याखाली सुकवायचं, की त्या वडीला भेगा पडून उभे खांब तयार होतात. या आठवड्यात फोडलेल्या वडीत हे खांब वरपासून तळापर्यंत एकाच जाडीचे निघाले. व्हर्निअर लावून वर, मध्ये आणि तळाशी मोजलं. सगळीकडे चार मिलिमीटरच्या आसपास. ज्यांनी कॉर्नफ्लोअर सुकवून खांब काढले आहेत त्यांना हा आनंद वेगळा समजावून सांगायला नको. मी ती वडी ताटात ठेवून कितीतरी वेळ नुसती फिरवून पाहत होते.

चार मिलिमीटरचाच हट्ट का, हे नव्याने आलेल्यांसाठी. आपली जायंट्स कॉजवेची प्रतिकृती 1:100 प्रमाणात चालली आहे. उत्तर आयर्लंडच्या अँट्रिम किनाऱ्यावर बेसाल्टचे सुमारे 40,000 खांब आहेत आणि त्यांची जाडी साधारण 40 ते 50 सेंटीमीटर, म्हणजे प्रतिकृतीत चार-पाच मिलिमीटर. समुद्रात उतरत जाणारा ग्रँड कॉजवेचा भाग बुटक्या खांबांचा, त्यामुळे तो पातळ वड्यांवर भागला. घोडं अडलं ते ऑर्गनपाशी, म्हणजे ऑर्गन वाद्याच्या नळ्यांसारख्या दिसणाऱ्या तिथल्या उंच खांबांच्या रांगेपाशी. तिथल्या कड्यातले सर्वांत उंच खांब 12 मीटरच्या घरात जातात. म्हणजे 12 सेंटीमीटर खोल वडी हवी, आणि इतक्या खोलीपर्यंत खांब एका जाडीचे राहतच नव्हते.

नेमकं व्हायचं असं. वरचे चार-पाच सेंटीमीटर सुरेख. त्याखाली शेजारशेजारचे खांब एकमेकांत मिसळू लागायचे. एखादी भेग मध्येच थांबायची, दोनाचा एक खांब व्हायचा, थोडं खाली गेलं की पुन्हा तेच. तळाशी पोचेपर्यंत जाडी दुपटीच्या वर. अशी वडी ऑर्गन म्हणून उभी केली तर ती खालून फुगलेली दिसते. तिथला कडा तर ओळीने लावलेल्या नळ्यांसारखा सरळ आहे, त्याच्या नावातच ते आलं.

आधी मोठा दिवा लावला. वरचे खांब बारीक झाले, तळाचे तसेच जाड. उलट वरचा-खालचा फरक वाढला. मग पीठ बदलून पाहिलं. इथे एक मत ठामपणे मांडते: किराणा दुकानातलं सुटं कॉर्नफ्लोअर या कामाला घेऊ नका. माझ्याकडच्या सुट्या पिठाचा पाण्यात कालवल्यावर तळाशी पिवळसर गाळ बसायचा आणि त्या पट्ट्यात खांब वेडेवाकडे यायचे. बंद पाकिटातलं कुठलंही चालतं. आणि मक्याचं पीठ म्हणजे कॉर्नफ्लोअर नव्हे. भाकरीच्या पिठाचे खांब होत नाहीत. पीठ बदलल्याने खांब स्वच्छ झाले, पण खाली जाड होणं काही थांबलं नाही.

तेव्हा पुन्हा मुळाशी गेले. गेऱ्हार्ड म्युलर या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवून दिलं की सुकणाऱ्या स्टार्चमधले (कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचा स्टार्चच) खांब आणि बेसाल्टचे खांब एकाच जातीचे आहेत. लाव्हा थंड होताना आकसतो, स्टार्च पाणी जाताना आकसतं, आणि दोन्हीकडे भेगांची आघाडी, म्हणजे भेगा जिथवर पोचल्या ती पातळी, वरून खाली सरकत जाते. पुढे टोरोंटोमध्ये लुकास गोहरिंग आणि स्टीफन मॉरिस यांनी याच वड्यांवर कितीतरी काम केलं. 2009 मधल्या त्यांच्या निबंधाचा गाभा आपल्या कामाचा आहे: खांबाची जाडी आघाडीच्या वेगावर ठरते. आघाडी जलद सरकली तर खांब बारीक, रेंगाळली तर जाड.

आता वडीकडे पाहा. आघाडी जसजशी खोल जाते तसतशी वाफेला बाहेर पडायची वाट लांबत जाते. दिवा तोच असला तरी सुकणं मंदावतं, आणि मंदावलं की खांब जाडावतात. दोष पिठाचा नव्हता, दिव्याचाही नव्हता. एकाच धगीवर ठेवलेली कुठलीही खोल वडी अशीच वागणार.

मग अँट्रिमचा लाव्हा असा का वागला नाही? सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी तिथल्या एका दरीत लाव्हा साचला. उष्णता नुसती दगडातूनच बाहेर पडत राहिली असती तर थंडाव्याची आघाडीही खोल जाता जाता मंदावली असती. पण भेगांमधून पाणी आत शिरत होतं, तप्त दगडाजवळ उकळत होतं, वाफ होऊन उष्णता घेऊन बाहेर येत होतं. भेग खोल गेली की पाणीही तिच्या मागोमाग खोल जाई. त्यामुळे आघाडीचा वेग जवळपास एकसारखा राहिला आणि खांब सरळ उतरले. हे सगळं दगड घट्ट झाल्यानंतर घडलं, हेही मला फार विलक्षण वाटतं. लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये आइसलंडच्या बेसाल्टवर प्रयोग करून दाखवलं की तो साधारण 980 अंश सेल्सिअसला घट्ट होतो, पण भेगा 840 ते 890 अंशांच्या दरम्यान पडतात.

माझ्याकडे भेगांत पाणी उकळवायची सोय नाही. पण वेग राखणं हाती आहे, आणि त्याची युक्ती अशी की सुरुवात मंद करायची. आता प्लायच्या खोक्यात बरणी वजनकाट्यावर ठेवली आहे, वर इन्फ्रारेड दिवा डिमरवर, बाजूला संगणकातला जुना पंखा. पहिले काही दिवस दिवा अगदी मंद. वजनाची नोंद आलेखावर चढवायची, आणि रेघ वाकायला लागली की डिमर थोडा वर. तासाला तेवढंच पाणी उडत राहिलं की आघाडी एका चालीने उतरते. टोरोंटोच्या मंडळींनीही मुळात हेच केलं होतं, फक्त त्यांचं यंत्र स्वतःच दिवा-पंखा सांभाळायचं. इथे मी सांभाळते. पुढच्या वडीपासून लोडसेल (वजन मोजणारा सेन्सर) आणि आर्डुइनो (छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड) हे काम करतील.

मंद सुरुवातीत बुरशीचा धोका असतो. कालवतानाच ब्लीचचे काही थेंब घातले की ती येत नाही. पावसाळी रात्री हवा इतकी दमट की रेघ आडवी व्हायला बघते. त्यासाठी पंख्याच्या तोंडाशी सिलिका जेलची पुरचुंडी बांधली. दिवा शेकायला वापरतात तो, औषधांच्या दुकानातून आणलेला. ऑनलाइन मागवलेला स्वस्त डिमर मात्र मंद ठेवला की लुकलुकतो. विजेच्या सामानाच्या दुकानातला पंख्याचा जुना फिरता रेग्युलेटर त्याहून भरवशाचा निघाला.

आणि आता खांबांबद्दल. वरच्या पातळ थरात भेगा चिखलासारख्या, एकीला दुसरी काटकोनात येऊन भिडलेली. थोडं खाली गेलं की तेच जोड हळूहळू वळून तीन समान फाट्यांचे होतात. तळाची बाजू वर करून पाहिली तर षट्कोन सर्वांत जास्त, त्यांच्या खालोखाल पंचकोन, मध्येच सात बाजूंचे. कॉजवेवरही असंच मिश्रण आहे. सगळे षट्कोन काढणाऱ्या चित्रकारांपेक्षा निसर्ग आणि माझी बरणी दोघंही जास्त खरी आहेत. सुटे खांब फ्रेंच पॉलिशमध्ये (स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख) बुडवून वाळवले की चांगले कडक होतात. त्यात पाणी नसल्याने स्टार्च विरघळत नाही. सिलिकॉनचा साचा काढून प्लास्टर ओतायचा बेत म्हणून रद्द. खरे खांबच चिकटवायचे.

हे लिहितानाच दुसरं काही सुचतंय. वेग माझ्या हातात असेल तर तो मुद्दाम बिघडवताही येईल! कॉजवेच्या पुढच्या खाडीत, अॅम्फिथिएटरच्या कड्यात, खाली सरळ जाड खांबांची रांग आहे आणि तिच्यावर बारीक, वेड्यावाकड्या खांबांचा थर. वरचा भाग पाण्याने झपाट्याने थंड झाला, त्याची ही खूण. म्हणजे सुरुवातीला पंखा पूर्ण वेगाने, मग मंद आणि एकसारखा. एकाच वडीत दोन्ही थर मिळतील. ऑर्गन एकटा उभा करण्यापेक्षा हा अख्खा कडाच करावा, असं आता ठरतंय.

त्याच्या पायथ्याशी तांबडा थर हवा. तिथे लाव्हाच्या दोन पर्वांमधल्या उष्ण, दमट काळात जुना बेसाल्ट कुजून जांभा झाला. हो, आपल्या कोकणातला जांभाच. रंगाची बाटली कशाला आणायची? रत्नागिरीहून आलेल्या जांभ्याच्या चिऱ्याचा तुकडा घरात आहेच, तो कुटून चाळून वापरणार. या थरात कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल दगड दिसतात, त्यांना तिथे राक्षसाचे डोळे म्हणतात.

राक्षस अर्थात आयरिश दंतकथेतला फिन मॅककूल. स्कॉटलंडच्या बेनँडॉनरशी लढायला त्याने समुद्रातून ही वाट बांधली. प्रतिस्पर्धी आपल्याहून थोराड आहे असं कळल्यावर त्याच्या बायकोने त्याला तान्ह्या बाळासारखं गुंडाळून निजवलं. बाळ एवढं तर बाप केवढा, या भीतीने बेनँडॉनर मागच्या मागे वाट उखडत पळाला. पलीकडच्या स्टॅफा बेटावर तसेच खांब खरोखरच आहेत, त्यामुळे ही गोष्ट सांगणाऱ्यांनी दोन्ही किनारे नीट पाहिले होते याबद्दल मला शंका नाही.

पडताळणीसाठी मी सुझाना ड्र्युरी यांच्या 1739 च्या चित्रांवरून केलेली खोदचित्रं समोर ठेवते. त्यांनी प्रत्येक खांब वेगळा काढला आहे. ती खोदचित्रं युरोपभर फिरली आणि 1768 मध्ये फ्रेंच विश्वकोशाच्या चित्रखंडात भूवैज्ञानिक निकोला देमारे यांनी हे खांब ज्वालामुखीचे आहेत असं सुचवलं. बेसाल्ट समुद्राच्या पाण्यातून साचला असं पुष्कळ विद्वान त्यानंतरही मानत होते. एका चित्रकर्तीच्या बारकाईचा या वादात वाटा आहे, म्हणून प्रतिकृतीच्या पाटीवर त्यांचं नाव येणारच.

रंगकामात पाण्यालगत काळ्या दगडफुलाचा पट्टा, त्यावर पिवळा-नारिंगी, वर राखाडी. भेगांत लोकांनी ठोकलेली नाणी दाखवणार नाही. ती गंजून फुगतात आणि खांबांचे टवके काढतात. ही जागा सांभाळणारी संस्था, नॅशनल ट्रस्ट, तसं न करण्याची विनवणी करते आहे.

एक गोष्ट मात्र स्टार्च देत नाही. खऱ्या खांबांना आडव्या भेगाही असतात आणि त्यांचे माथे कुठे वाटीसारखे खोलगट, कुठे फुगीर. खोलगट माथ्यांत पाणी साचतं, ते दाखवल्याशिवाय कॉजवे वाटणार नाही. सध्या छोट्या ड्रिलला गोल बर (कोरायचं टोक) लावून पॉलिश केलेल्या खांबांवर प्रयोग चालू आहेत. कडा टवकतात. कुणी दंतवैद्याकडचा बारीक बर वापरून पाहिला असेल तर कुठल्या वेगाला, तेवढं कळवा. नवी वडी उद्या ओतते आहे, पंखा पूर्ण वेगावर ठेवून.