"काही लागलं तर सांग" असं म्हणू नका

बाळ झाल्याची बातमी आली की आपण सगळे एक वाक्य हमखास बोलतो, "काही लागलं तर सांग हं." बोलतो मनापासूनच, पण जिची सलग दोन तास झोप झालेली नाहीये तिने आता हेही ठरवायचं की नक्की काय लागतंय, कोणाला सांगायचं, त्यांना अवघड तर नाही ना होणार, आणि मग ती सांगतच नाही. बहिणीच्या आणि नंतर वहिनीच्या बाळंतपणात हे मी अगदी जवळून बघितलंय, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

नुसता हिशोब बघा ना. नवजात बाळ 24 तासांत 8 ते 12 वेळा दूध पितं. पाजणं, ढेकर काढणं, डायपर बदलणं, परत झोपवणं, एका वेळेला पाऊण तास धरला तरी 6 ते 9 तास यातच गेले, आणि ते सलग नाहीत, दिवस-रात्र तुकड्या-तुकड्यांत. त्यात तिचं स्वतःचं शरीर अजून सावरायचंय, गर्भाशय पूर्ववत व्हायला साधारण 6 आठवडे लागतात, रक्तस्राव कित्येक आठवडे चालू राहतो, सीझर असेल तर ते पोटाचं मोठं ऑपरेशनच असतं, आणि आपण तिच्याकडून पाहुण्यांच्या सरबराईची अपेक्षा धरतो!

म्हणून ठरवायचं काम तिच्यावर टाकू नका, तुम्हीच ठरवा आणि तिला फक्त हो किंवा नाही म्हणू द्या. "उद्या संध्याकाळी जेवण दाराशी ठेवून जाते, डबे परत द्यायची घाई नाही." "चार वाजता येते, कपडे वाळत घालते, तासभर बाळाला बघते, तू आंघोळ कर आणि झोप." मोठं मूल असेल तर त्याला दोन तास बाहेर खेळायला न्या, याच्याएवढी मोठी भेट नाही. बाळाला घ्यायला सगळ्यांनाच आवडतं, सिंकमधली भांडी घासायला कोणी येत नाही, आणि खरी गरज तिथेच असते. सर्दी-खोकला असेल तर जाऊच नका, गेलात तर आधी हात धुवा, बाळाचे पापे घेऊ नका, आणि लवकर निघा.

अजून एक, "दूध पुरत नाहीये वाटतं" हे वाक्य कृपा करून बोलू नका. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं कमी होतंच आणि बहुतेक बाळांचं साधारण दोन आठवड्यांत परत भरून येतं. पाचव्या दिवसापासून दिवसाला 6 किंवा जास्त वेळा लंगोट ओला होतोय का ते बघायचं, कमी होत असेल तर डॉक्टरला दाखवायचं, आणि वरचं दूध द्यायचं ठरलं तर त्यावर आपण मत द्यायचं नाही.

रात्रीचं बाबाने वाटून घ्यावं. आईने पाजून झालं की ढेकर आणि डायपर त्याचं, म्हणजे तिला थोडी तरी सलग झोप मिळते. पण बाबाला पण विचारा की बाबा रे, तू कसा आहेस, कारण डिप्रेशन वडिलांनाही येतं, साधारण दहातल्या एकाला, आणि त्याला कोणी विचारतच नाही.

आता मनाचं. बाळंतपणानंतर हार्मोन्स एकदम खाली येतात, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रडू येणं, चिडचिड होणं हे बहुतेक बायकांना होतं आणि दोन आठवड्यांत निवळतं. त्यापुढेही टिकलं, किंवा कशातच मन लागत नाही, बाळ झोपलं तरी तिला झोप येत नाही, "मी चांगली आई नाहीये" हेच डोक्यात फिरतंय असं असेल तर तो लाड किंवा नाटक नाहीये, आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. एडिनबर्ग स्केल नावाची 10 प्रश्नांची साधी प्रश्नावली 1987 पासून वापरात आहे, डॉक्टरकडे त्याबद्दल विचारा. "डॉक्टरला दाखव" एवढं सांगून थांबू नका, अपॉइंटमेंट तुम्ही घ्या, सोबत जा. आणि तिला भास होत असतील, ती असंबद्ध बोलत असेल, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचं बोलत असेल तर एकटं सोडायचं नाही, लगेच हॉस्पिटल गाठायचं.

शरीराच्या बाबतीतही काही गोष्टींना "थांबू, बघू" चालत नाही. तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, खूप डोकं दुखणं किंवा डोळ्यांपुढे अंधुक दिसणं, ताप, छातीत दुखणं, धाप लागणं, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं. डोकेदुखीला जागरण म्हणून सोडून दिलं जातं, पण बीपी बाळंतपणानंतरही वाढू शकतं. घरातल्या प्रत्येकाला ही लक्षणं माहीत असायला हवीत, फक्त तिला नाही.

पहिल्या आठवड्यात घर भरलेलं असतं, मग हळूहळू सगळे आपापल्या कामाला लागतात, आणि बाळाचं रडणं सगळ्यात जास्त असतं साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास! तुमची सुट्टी किंवा मोकळा वेळ त्या दिवसांसाठी राखून ठेवा. त्याच सुमाराला तिची तपासणी पण असते, तेव्हा बाळाला घेऊन बाहेर बसायला कोणीतरी लागतं, तारीख आत्ताच विचारून ठेवा.