चहा, खिळे आणि पाईनची मांडणी

पाईन स्वस्त आणि हलकं, पण रंगाने फिकं फटक. वखारीतून आणलेल्या पॅकिंगच्या पट्ट्यांची स्वयंपाकघरात मांडणी केली, तर सागवानी दाराशेजारी ती अगदीच बापुडवाणी दिसायला लागली. विकतच्या स्टेनचा वास घरात कोणालाच सोसत नाही, म्हणून घरचा रंग करायला घेतला.

नुसता चहा लावला की लाकूड जरासं पिवळट होतं, बस्स. कॉफीचीही तीच गत. हळद लावताना देखणी, पण खिडकीतल्या उन्हाने उडून जाते. रंग खरा चढतो तो लोखंडाने.

काचेच्या बरणीत पांढरं व्हिनेगर आणि त्यात मूठभर गंजके खिळे. (भांड्यांची तारेची घासणी नको. ती स्टेनलेस, गंजणार कशी?) झाकण सैलच ठेवायचं, कारण आत हायड्रोजनचे बुडबुडे येत राहतात. काही दिवसांनी पाणी तांबूस-गढूळ झालं की फडक्यातून गाळायचं.

या पाण्यातलं लोह लाकडातल्या टॅनिनशी (चहाला तुरटपणा देतं तेच द्रव्य) जुळलं की काळसर रंग धरतो. साग, बाभूळ यांच्यात टॅनिन मुळातच असतं. पाईनमध्ये नावापुरतं, म्हणून ते बाहेरून द्यावं लागतं आणि इथे चहा कामी येतो. आधी पट्ट्या ओल्या फडक्याने पुसून वाळवल्या. पाण्याने तुसं उभी राहतात, ती २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून काढली. मग कडक काळा चहा लावला, तो वाळल्यावर लोखंडाचं पाणी. ब्रश फिरवला तेव्हा लाकूड नुसतं ओलं दिसलं. बघता बघता राखाडी छटा पसरली आणि गंमत म्हणजे लाकडाची नक्षीच उलटी झाली: मऊ, फिके पट्टे रंग पिऊन गडद झाले, आणि एरवी उठून दिसणाऱ्या कडक रेषा त्यांच्यापुढे फिक्या पडल्या. कापलेली टोकं तर अधाशासारखी पितात, तिथे हात हलकाच हवा.

मांडणीच्या पायांना चहाऐवजी काष्ठौषधीच्या दुकानातल्या हिरडा पावडरीचा काढा लावला. ते जवळजवळ काळेच झाले. होणारच, जुन्या काळी हिरडा आणि हिराकस (लोहाचाच क्षार) घालून शाई करत, तिचाच हा भाऊबंद. सागाच्या तांबूसपणाशी जुळणारं काही हवं असेल, तर मात्र पानातला कात उकळून लावावा, लोखंडाच्या वाटेला जाऊच नये.

हे सगळे नुसते रंग. पाण्यापासून लाकूड वाचवत नाहीत. वरून मी अळशीचं तेल चोळलं. तेलाने रंग आणखी गडद होतो, तेव्हा तुकड्यावर तेलासकट करून बघितल्याशिवाय मांडणीला ब्रश लावू नये. आणि तेलाची फडकी चुरगळून डब्यात टाकू नयेत, आपोआप तापून पेट घेतात. मी ती पाण्यात बुडवून ठेवली.